शिबल्याच्या खांबांपाशी एक दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात संग्रहालय नाही. जवळचं म्हणायचं तर चंद्रपूरला प्रा. सुरेश चोपणे यांनी स्वतःच्या हौसेनं उभं केलेलं खडकांचं आणि जीवाश्मांचं संग्रहालय. त्याच्या पुढे नागपूरचा अजब बंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, शाळेत येणाऱ्या मुलाला ही दोन्ही गावं सारखीच लांब.

पण २०२१च्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याच तालुक्यात शिबला-पार्डी भागात रस्त्याचं काम चाललं असताना जमिनीतून दगडी खांब उघडे पडले. एकाला एक चिकटून उभे, बाजू तासल्यासारख्या, कोपरे नेमके. हा स्तंभाकार बेसाल्ट आहे आणि तो दुर्मीळ आहे, हे चोपणे सरांनीच लोकांपुढे मांडलं. वर्तमानपत्रात फोटो आले, चार दिवस गाड्या थांबल्या, लोकांनी सेल्फी काढले आणि विषय मागे पडला.

मी याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो. पुढे लिहिलेला दिवस डिसेंबर २०२१च्या दुसऱ्या आठवड्यातला आहे. ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबरला भरू लागले होते, पहिली ते चौथीची मुलं १ डिसेंबरला आली होती. डोंबिवलीत ओमायक्रॉनचा रुग्ण सापडल्याची बातमी ताजी होती. आम्हा शिक्षकांचे दोन डोस झालेले, मुलांसाठी मात्र देशात अजून लसच सुरू नव्हती. लांबची सहल कोणी मनातही आणत नव्हतं. सातवी-आठवीची चोवीस मुलं शिबल्याला नेऊन आणायची, एवढंच ठरवलं होतं.

पहाटे ५.३०

उठल्या उठल्या फोन. एसटीचा संप मिटलेला नाही, त्यामुळे आगाराची गाडी येईल या भरवशावर काही ठरवता येत नाही. गावातल्या काळीपिवळीवाल्याशी काल बोलणं झालंय, दोन फेऱ्या करायच्या. एका फेरीत बारा मुलं कोंबायला तो एका पायावर तयार होता. मी म्हटलं, सहा-सहा. त्यावर तो म्हणाला, "मंग चार फेऱ्या होतात जी, डिझेल कोन देईल?" शेवटी दुसरी गाडी त्याच्या भावाची घेतली. एका तुकडीला दोन गाड्या, एका गाडीत सहा मुलं, काचा खाली. हिशेब बसला.

दुसरा फोन एका आईचा. मुलगी येणार नाही, कापूस वेचायला जाणार. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये आहे आणि व्यापारी आठ हजारांच्या वर मागतायत. बोंडं फुटलेली, वेचायला मजूर मिळत नाही. अशा वेळी दगड पाहायला पोरगी पाठवा म्हणायला जीभ रेटत नाही. "दुपारून तरी पाठवा," एवढंच म्हणतो.

साडेसातच्या आत कोणी घरून निघू नका, असं मुलांना बजावून ठेवलंय. टिपेश्वरचं अभयारण्य शेजारच्या तालुक्यांत असलं तरी वाघ तालुक्याची हद्द मानत नाही. मुकुटबनच्या जंगलात त्याचा वावर आहे. पोडावरची मुलं शेताच्या वाटेनं पायी येतात. उजेड पडल्याशिवाय निघायचं नाही, हा नियम कोरोनाच्या आधीपासूनचा.

सकाळी ७.००

शाळा उघडून आधी खिडक्या सताड उघडतो. मग पिशवी भरतो: जादा मास्क, थर्मल गन, ऑक्सिमीटर, भिंगं, कोनमापकं, मोजपट्टी, चुन्याची पुडी, लांब दोरी, लाल कापड, दोन कॅन पाणी आणि साबणाच्या वड्या.

सॅनिटायझरची बाटली घेतो, पण ती माझ्या खिशात. मुलांच्या हाती द्यायची नाही. याच वर्षी ३१ जानेवारीला आमच्या जिल्ह्यात कापसी-कोपरी इथं पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं. मुलं वाचली. एप्रिलमध्ये दारूची दुकानं बंद असताना वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. त्या बाटलीकडे आमच्या भागात कोणी नुसतं औषध म्हणून पाहत नाही. साबण आणि पाणी असेल तिथं साबणच. तो स्वस्त आहे आणि हातावरचा चिखलही काढतो.

दोरीला दर सहा फुटांवर गाठ मारलेली आहे, त्यावर रंगीत चिंधी. ही युक्ती आमच्या मॅडमची. मुलांना 'अंतर ठेवा' म्हटलं की पाच मिनिटं अंतर राहतं. 'आपल्या गाठीपाशी उभं राहा' म्हटलं की तासभर राहतं.

८.००

हजेरी पटांगणात. थर्मल गन कपाळावर धरली की आकडा येतो ९४, ९३. डिसेंबरच्या गारठ्यात चालत आलेल्या मुलाचं कपाळ गारच असणार. ताप त्या यंत्राला काय कळणार? आशाताई मदतीला आल्यात, त्या यंत्र बाजूला ठेवून सरळ विचारतात. रात्री झोप लागली का, घरात कोणी खोकतंय का, चव लागते का. उत्तर देताना मुलाचा चेहरा पाहतात. यात जे सापडतं ते यंत्रात सापडत नाही.

एका मुलाला सर्दी आहे. त्याला परत पाठवायचं, पण त्याला गुन्हेगार ठरवून नाही. पहिल्या लाटेत मुलं खोकला लपवायला शिकली, कारण खोकणाऱ्याकडे सगळे वळून बघायचे. त्याला सांगतो, तू घरी बस, दुपारी चार-साडेचारला मी दगड घेऊन तुझ्या दारात येतो. तो हसतो. हे कबूल केल्याशिवाय पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही.

५ नोव्हेंबर २०२०ला केंद्राच्या संस्कृती मंत्रालयानं संग्रहालयं उघडण्यासाठी कार्यपद्धती काढली होती. ती फोनमध्ये आहे. सहा फूट अंतर, मास्क, दारात तापमान, तिकीट शक्यतो ऑनलाइन, हात लावून चालवायची यंत्रं बंद. त्यात आमच्याकडे नसलेल्या गोष्टी बऱ्याच. ना तिकीट, ना वातानुकूलन, ना लिफ्ट. उरलेलं सगळं आम्हाला लागू आहे. पाहणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवा, गर्दी एका जागी साचू देऊ नका, कोण कधी आलं याची नोंद ठेवा.

संमतीपत्रं गोळा झाली. दोन अंगठे, बाकी सह्या. बारा मुलं आता निघतील, दहा वर्गात मॅडमच्या हाताखाली तालुक्याचा नकाशा काढतील. सव्वाअकराला अदलाबदल. गाड्या या दहा जणांना घेऊन येतील आणि पहिल्या बारांना घेऊन परत जातील.

९.००

गाडीत बोलायचं नाही, गाणी नाहीत. मुलांना हे फार जड जातं. सहलीत गाणी नाहीत म्हणजे काय! पण गाडी हीच दिवसातली सगळ्यात बंदिस्त जागा, आणि गाणं म्हणताना तोंडातून हवा जोरात बाहेर पडते. पृष्ठभागाला हात लावून रोग होण्याचा धोका फार कमी आहे, दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं. भीती हवेची आहे. म्हणून गाडी पुसण्यात वेळ घालवला नाही, काचा तेवढ्या उतरवल्या. मुलं कुडकुडतात, स्वेटरच्या बाह्या हातावर ओढतात आणि बाहेर बघतात. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली, मध्ये पांढरा कापूस.

मीही गप्प बसतो. शिक्षकानं न बोलता काढलेली अर्ध्या तासाची वाट मुलांना नवी आहे.

९.४५

पोहोचल्यावर पहिलं काम रस्त्याचं. खांब रस्त्यालगत आहेत आणि या बाजूनं जड गाड्या जातात. खरं सांगायचं तर त्या ठिकाणी मला विषाणूपेक्षा टिप्परची भीती जास्त वाटते. गाडीवाला लाल कापड घेऊन वळणावर उभा राहतो. मी चुन्याची रेघ मारतो, या रेघेच्या पलीकडे कोणी जायचं नाही. मग दोरी धरून रांग. यायची वाट एक, जायची वाट दुसरी.

पहिली पाच मिनिटं मी काही सांगत नाही. फक्त बघा.

मग एक जण गाठीवरून विचारतो, "सर, हे कोनं तासले जी?"

हाच प्रश्न हवा होता. कोणी तासले असतील? मुलं अंदाज करतात. राजानं. पांडवांनी. रस्तेवाल्यांच्या मशीननं. एक मुलगी म्हणते, देवाचे असतील, तर चप्पल काढायची का? मी म्हणतो, काढावीशी वाटत असेल तर काढ, पण वर चढू नकोस. दगडाचा मान राखायला एवढं पुरे.

आता कामाला लागायचं. प्रत्येकानं आपल्यासमोरचे तीन खांब निवडायचे, बाजू मोजायच्या, वहीत आकृती काढायची, कोपऱ्याला कोनमापक न टेकवता लांबूनच धरून कोन किती ते लिहायचं. अशा खडकात सहा बाजूंचे खांब जास्त असतात, पाचचे आणि सातचेही सापडतात. पुस्तकात षट्कोन वाचून आलेल्या मुलाला पाच बाजू दिसल्या की आपलंच चुकलं असं वाटतं, आणि तो वहीत सहा लिहितो. "जे दिसतं ते लिही," हे वाक्य मी सकाळपासून सगळ्यात जास्त वेळा बोलतो.

मोजून झाल्यावर गोष्ट सांगतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, थरावर थर. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या दगडाचा आहे. सह्याद्री त्याचाच, अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली. आपण त्या दगडी चादरीच्या पूर्वेच्या काठावर राहतो, इथून थोडं पुढे गेलं की ती संपते. एखाद्या जागी लाव्हा जाड साचला आणि सावकाश थंड होत गेला की तो आकसतो. आकसला की तडकतो. तडा जिथून फुटतो तिथून तीन दिशांना सारख्या कोनात गेला तर ताण सगळ्यात कमी जोरात सुटतो. असे शेकडो तडे एकमेकांना भेटले की मध्ये षट्कोन उरतो. वरून गारवा खाली उतरत जातो तसा तडाही खाली उतरतो, आणि षट्कोनाचा खांब होतो.

"उन्हाळ्यात आपल्या वावरात भेगा पडतात तशा का जी?" आठवीतला एक जण विचारतो.

तशाच. वावरातली काळी माती पाणी उडून गेलं की आकसते, हा दगड उष्णता गेली म्हणून आकसला. आणि ती काळी माती तरी कुठली? याच दगडाची झीज होऊन झालेली. तुमच्या घरचा कापूस या दगडाच्या भुग्यात उगवतो. हे ऐकून एक मुलगा खाली बघतो, मग खांबांकडे बघतो, मग पुन्हा खाली.

हा दगड तडकला तेव्हा किती तापलेला होता, असंही कोणी विचारतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रयोग करून याचं उत्तर दिलं, सुमारे ८४० ते ८९० अंश सेल्सिअस. म्हणजे दगड घट्ट झाल्यावरही लालबुंद असताना तो तडकतो. जगात असे खांब पाहायला लोक आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर जातात, ती जागा १९८६ पासून जागतिक वारसा आहे. कर्नाटकात उडुपीजवळ सेंट मेरी बेटांवर आहेत, मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, आपल्या राज्यातच कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्याला आहेत. आणि शिबल्याला आहेत. मुलं या यादीतलं शेवटचं नाव ऐकून एकमेकांकडे बघतात.

मास्कमधून एवढं बोलताना घसा बसतो. बारांच्या जागी चाळीस मुलं असती तर मला ओरडावं लागलं असतं, आणि मागची पंधरा तरीही आपापसात बोलत राहिली असती.

११.१५

गाड्या दुसऱ्या तुकडीला घेऊन येतात. दोन्ही तुकड्या समोरासमोर येतात ती दोनच मिनिटं, पण सगळा गोंधळ त्यातच. मित्र मित्राला मिठी मारणार, वही दाखवणार, मास्क हनुवटीवर येणार. म्हणून पहिली तुकडी आधी झाडाखाली जाते, मग दुसरी उतरते, मग पहिली त्याच गाड्यांत बसते. सगळ्या नियमांत मोडायला सगळ्यात सोपा नियम हाच, आणि मोठ्या संग्रहालयांतही दाराशीच गर्दी साचते.

दुसऱ्या तुकडीत कोलाम मुलं जास्त. ती घरी कोलामी बोलतात, शाळेत मराठी, बाजारात वऱ्हाडी, आणि तेलंगणाच्या हद्दीजवळ राहणाऱ्यांना तेलुगूही येते. वर्गात ती गप्प असतात. इथं मात्र त्यांचे डोळे सगळ्यात तयार. कोणत्या खांबाच्या फटीत ओल आहे, कुठं मुंगळ्यांची रांग आहे, कुठला तुकडा ताजा फोडलेला आहे, हे त्यांनी न विचारता दाखवलं. फोडलेल्या जागी दगड काळा आणि बाकी ठिकाणी तपकिरी. पाऊस-वारा लागला की बेसाल्टमधलं लोह गंजतं, म्हणून वरचा रंग तपकिरी. म्हणजे हा तुकडा नुकताच कोणीतरी फोडून नेला आहे.

कोणी नेला असेल? घराला पायरी करायला, अंगणात शोभेला, नाहीतर नुसताच. पुढचा धडा त्यातून आपोआप निघाला. काचेच्या पेटीतली वस्तू कोणी फोडत नाही, कारण पेटीशेजारी माणूस बसलेला असतो. इथं पेटी नाही, माणूस नाही. इथला पहारेकरी कोण? मुलं एकमेकांकडे बघतात. एकानं हात वर केला, मग चौघांनी.

दुपारी १.००

शाळेतली खिचडी अजून सुरू नाही. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ घरी दिली जाते. म्हणून प्रत्येकाचा डबा आपापला: ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कुणाकडे तुरीच्या सोल्यांची भाजी.

जेवणाची अर्धी घडी सगळ्यात धोक्याची. मास्क उतरतात, मुलं जवळ येतात आणि तोंड उघडतात. म्हणून जेवण पटांगणात, झाडाच्या सावलीत, दोरीच्या गाठीवर बसून. डब्यांची अदलाबदल बंद. ही मनाई आमच्या मुलांना सगळ्यात जास्त खुपते. भाजी दुसऱ्याला दिल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, अशा घरांतली ती मुलं. मी नियम समजावून सांगतो आणि नजर दुसरीकडे वळवत नाही. जेवताना मीही शेवटच्या गाठीवर बसतो.

२.३०

संग्रहालयाचं खरं काम दुपारी, वर्गात. एक जुनं लोखंडी कपाट आहे, दार मोडलेलं. त्यात आम्ही दगड ठेवतो. शिबल्याचा एकही खांब त्यात नाही आणि असणार नाही. रस्त्याच्या कामात आधीच पडलेला एक सुटा तुकडा तेवढा आहे.

त्याच्या शेजारी मुकुटबनचा चुनखडक. आमच्या तालुक्यात सिमेंटचा कारखाना आला तो या दगडामुळे. तो शिबल्याच्या खांबांपेक्षा कितीतरी जुना. तो समुद्राच्या तळाशी साचला तेव्हा पृथ्वीवर मणका असलेला एकही प्राणी नव्हता. डायनासोर तर फार पुढचे. ड्रॉपरनं त्यावर पातळ केलेल्या आम्लाचा एक थेंब टाकतो, दगड फसफसतो. बेसाल्टवर टाकला, काही होत नाही. आम्लाची बाटली माझ्याच हातात.

तिसरा नमुना वणी भागातला कोळसा, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या वनस्पतींचा. झरीहून वणीला जाताना मुलं हे तिन्ही काळ ओलांडून जातात. एका तासाच्या वाटेवर समुद्र, दलदल आणि लाव्हा. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे पाहायला तीन वेगवेगळ्या दालनांत जावं लागेल.

आता नोंदवही. कुठल्याही संग्रहालयात वस्तू आली की तिला आधी क्रमांक मिळतो. क्रमांक, वस्तू, कुठं सापडली, कोणी आणली, तारीख, वजन, अवस्था. या सात रकान्यांशिवाय दगड हा नुसता दगड. कोणी, कुठून आणला हे माहीत नसलेला जीवाश्म शास्त्राच्या दृष्टीनं जवळजवळ मुका. मुलं आपल्या अक्षरात रकाने भरतात. 'अवस्था' या रकान्यात एकानं लिहिलं, 'चांगली आहे, थोडी मळकी.'

मळकी वस्तू पुसावी का? महामारीनं इथंच घोळ केला. पहिल्या लाटेत लोकांनी रस्ते, झाडं, गाड्या, अंगावरसुद्धा सोडिअम हायपोक्लोराइट फवारलं. संग्रहालयातल्या वस्तूंवर हे फवारायचं नाही, असं जगभरच्या जतनतज्ज्ञांनी त्या वेळी बजावून सांगितलं. रंग उडतात, धातू गंजतो, दगडाचा वरचा थर बिघडतो. वस्तूला रोगाची शंका असेल तर तिला काही दिवस कोणी हात लावायचा नाही, एवढंच करायचं. आम्ही तसंच करतो. दगड हाताळून झाले की तीन दिवस कपाट बंद. मुलांनी या तीन दिवसांना नाव ठेवलंय: दगडाचं क्वारंटाइन.

४.३०

सर्दीवाल्या मुलाच्या घरी. दारातून आत जात नाही, अंगणात उभा राहतो. तो ओट्यावर, मी झाडापाशी. दगड जमिनीवर ठेवतो, मागे सरतो, मग तो येऊन उचलतो. भिंग देतो. त्याची आजी मधेच विचारते, "या दगडाले एवढं का पाह्यता?" मुलगाच तिला सांगू लागतो, लाव्हा कसा होता, तडा कसा गेला. त्यानं हे सकाळी माझ्याकडून ऐकलेलं नाही. दुपारी मित्रानं फोनवर सांगितलंय, आणि दोन-तीन गोष्टी अगदी उलट्या सांगितल्यात. त्या दुरुस्त करतो.

कापूस वेचून आलेली मुलगीही याच पोडावरची. तिच्या बोटांना बोंडाचे ओरखडे. तिला वही दाखवतो. ती म्हणते, "पुढच्या टायमाले मी येईन जी, आमचा कापूस झाला की." मी तारीख लिहून घेतो.

सायंकाळी ७.००

पोडावर फोन लागतो, पण इंटरनेट चालत नाही; माझ्या घरी गच्चीवर गेलं की चालतं. पालकांच्या गटात दिवसाचे फोटो टाकतो, मुलांचे चेहरे दिसणार नाहीत असे. मग उद्यासाठी एखादं मोठं संग्रहालय फोनवर शोधतो. महामारीत ही एक वाट उघडली. मे २०२०मध्ये युनेस्कोनं सांगितलं की जगातली सुमारे ९० टक्के, म्हणजे ८५ हजारांवर संग्रहालयं बंद आहेत. तेव्हापासून किती तरी दालनं पडद्यावर आली. पण २ जीबीच्या रिचार्जवर चालणाऱ्या घरात ते दालन उघडायलाच पाच मिनिटं लागतात, आणि मध्येच फिरणारं वर्तुळ. चित्र मुलांना आवडतं. पण खांबाचा कोन पडद्यावर मोजता येत नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं बसमध्ये दालन बसवून ते शाळांच्या दारात न्यायला सुरुवात केली, त्याला काही वर्षं झाली. अशी एक बस पांढरकवड्यापर्यंत आली तर आमची मुलं तिथवर चालत जातील. तोवर आमचं दालन शिबल्याला आहे आणि कपाट शाळेत आहे.

रात्री ९.००

शाळेच्या दैनिकात नोंद: परिसर भेट, दोन तुकड्या, सगळे सुखरूप. पुढचे सात दिवस कोणाला ताप आला तर आशाताईंना कळवायचं.

दिवस उलटून पाहताना एक गोष्ट ठरते. बाराची तुकडी, एका दिशेची वाट, आधी ठरवलेली वेळ, वस्तूला हात न लावणं, कोण आलं याची नोंद: हे सगळं आपण रोगाच्या भीतीनं केलं. पण मुलं शिकली ती याच्यामुळेच. मास्क एक दिवस सुटेल, सुटायलाच हवा. बाराची तुकडी मात्र सुटू नये. साठ मुलांना दीड तासात पंधरा दालनं पळवून आणणारी सहल रोगाच्या आधीही फसवीच होती.

आणि जे शाळेच्या हातात नाही ते मागायलाच हवं. शिबला-पार्डीचे खांब भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत जावेत. लोणारचं सरोवर आणि सेंट मेरी बेटं त्यात आहेतच. रस्त्यालगत कठडा आणि गाड्या थांबायला मोकळी जागा व्हावी. माहितीचा फलक मराठीत तर हवाच, कोलामी आणि गोंडीतही हवा, कारण हे खांब ज्यांच्या शिवारात आहेत त्यांच्या घरी त्याच भाषा बोलल्या जातात. ग्रामपंचायतीनं ठराव केला, तालुक्यानं पुढे पाठवला, जिल्ह्यानं पाठपुरावा केला, तर यातलं काहीच अवघड नाही.

तोवर तुम्ही त्या बाजूला गेलात, तर गाडी रस्त्यापासून लांब लावा, एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त माणसं खांबांपाशी नेऊ नका, आणि दगडाचा एकही तुकडा घरी आणू नका.